रेडिएटरची नळी

लढाईच्या काळात मी आणि थोरला भाऊ विटा ते कराड टॅक्सी चालवायचो. तेव्हा रबराच्या वस्तू मिळणं मुश्कील होतं. रेडिएटरची रबरी नळी दाबली की मऊ लागायची, पण गळत नव्हती. एकच नवी नळी आम्ही जपून ठेवली होती.

"फुटंल तवा बदलू रं," भाऊ म्हणायचा. "दुसरी कवा मिळंल, काय ठावं?"

वहिनीला बाळंतपणासाठी कराडला न्यायचं ठरलं, तेव्हा मी विचारलं, "दादा, वाटंत फुटली तर वैनीला उनात बसवायचं व्हय?"

तो स्वतःच पाना घेऊन आला. जुनी नळी काढून वाकवली, तर आतून चिरा पडलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी कुठंही न तापता कराडला पोचली. संध्याकाळी मला पुतणी झाली.