निस्तं फ्रॅक्चर

ज्याचं एकही हाड कधी मोडलं नाही, असा माणूस आमच्या शेजारच्या प्लास्टरकाकांच्या लेखी लातुरात राहतच नव्हता. हाडांच्या दवाखान्यात तीस-पस्तीस वर्षं प्लास्टर घालून घालून त्यांना माणसांची नावं आठवेनाशी झाली होती, हाडं मात्र तोंडपाठ. गंजगोलाईच्या बाजारात कुणी नमस्कार केला, की ते आधी त्याचं मनगट चाचपायचे आणि मग "हां, डावं! आंब्यावरून पडला होतास!" म्हणून गळ्यात पडायचे. लेकीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना माझी ओळख "ह्यो आमचा घोटा" अशी करून दिली. क्लासला जाताना मी स्कूटीवरून पडलो होतो, एवढाच माझा पराक्रम. व्याह्यांनी माझ्या चपलेकडे बघूनच हात जोडले.

दवाखान्यात येणारा प्रत्येक जण काकांना एकच विचारायचा, "काका, मोडलं तर न्हाई ना? निस्तं फ्रॅक्चरच हाय ना?" आमच्याकडे फ्रॅक्चर म्हणजे हाडाला जरासं काहीतरी झालेलं, आणि मोडलं म्हणजे संपलंच. काका एक्स-रे उजेडाला धरायचे. त्यात हाडाचे सरळसरळ दोन तुकडे दिसत असायचे. "निस्तं फ्रॅक्चर!" ते ठणकावून सांगायचे, "पण सहा हप्ते मोडल्यावानी वागायचं." डॉक्टर आधी चिडले, नंतर तेही तसंच सांगू लागले. गावाकडून बांबूच्या कामट्या करकचून बांधून, बोटं निळी पडल्यावर येणाऱ्यांवर मात्र काका असे खवळायचे, की पेशंट दुखणं विसरायचा.

मग आमची आई न्हाणीत घसरली आणि तिचा डावा खुबा गेला. तिची आत्या खुबा मोडल्यावर अंथरुणातून परत उठलीच नव्हती. त्यामुळे आईनं धसकाच घेतला आणि ऑपरेशनला साफ नाही म्हणाली. "मोडलं ते मोडलं. आता कापाकापी कशाला?" काकांनी एक्स-रे पाहिला आणि माझी नजर चुकवून म्हणाले, "वैनी, निस्तं फ्रॅक्चर हाय." आई तयार झाली. खोटं बोलून माणसं उभी करणारा हा माणूस मला त्या दिवशी फार आवडला.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तिला वॉकर धरून उभं केलं. घरी आल्यावर मात्र भीतीनं ती पलंग सोडीना. तेव्हा काका रोज सकाळी येऊन आमच्या स्वयंपाकघरात धपाटे थापू लागले. त्यांना साधा चहासुद्धा येत नव्हता. "भावजी, जळायलंय!" आई पलंगावरून ओरडायची. "जळू द्या. मला कुठं येतंय?" चौथ्या दिवशी आई वॉकर आपटत आली, त्यांच्या हातातलं उलथणं हिसकावून घेतलं आणि ओट्याशी उभी राहिली. काका डोळे पुसत म्हणाले, "धूर लई झालाय."

पुढे कधीतरी मी शहाणपणा करून तिला सांगितलं, की फ्रॅक्चर आणि मोडणं एकच. तिनं कुंपणाशी जाऊन काकांना जाब विचारला, "फसवलंत मला?"

"फसवलं, हाव. पण भांडायला चालत आलात न्हवं?"

मागच्या महिन्यात काका लेकीकडे नांदेडला राहायला गेले, कायमचेच. आई हट्टानं स्टँडपर्यंत चालत आली. गाडीच्या खिडकीतून वाकून काका तिच्या पावलांकडेच बघत होते. "डाव्यावर वजन घ्या, वैनी," एवढंच म्हणाले. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आई ताठ उभी होती. मग माझा दंड धरून म्हणाली, "ऑटो बघ रे. आता चालवत नाही मला."