आबांचा दाणा

डावा डोळा मिटायचा, काचेची पट्टी उजेडाकडे धरायची, दोन क्षण श्वास रोखायचा आणि म्हणायचं, "आजून दाना उना नही," म्हणजे अजून दाणा आला नाही. आबांना मी चाळीस वर्षं ओळखलं आणि चाळीस वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की माझ्या लग्नातही ते कुणीतरी म्हणाल्याचं मला आठवतं. म्हणजे आबाच म्हणाले असणार. जिलेबीच्या पाकात बोट घालून.

आबा साखर कारखान्यात पॅनवर होते. पॅन म्हणजे दोन मजली उंचीचं बंद भांडं. त्यात उसाच्या रसाचा पाक आटवतात. सळईने चमचाभर पाक बाहेर ओढायचा, काचेवर फासायचा आणि त्यात साखरेचा दाणा धरला की नाही ते नजरेने ठरवायचं, हे त्यांचं काम. मी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. माझ्याकडे डिग्री, थर्मामीटर आणि काचेची नाजूक उपकरणं. त्यांच्याकडे सातवी पास आणि एक डोळा. माझा रिपोर्ट हातात पडेपर्यंत त्यांचं पॅन उतरलेलं, म्हणजे रिकामं झालेलं असायचं. रिपोर्ट वाचून ते नम्रपणे म्हणायचे, "बरोबर शे साहेब, तुमनं बी बरोबर शे." त्या 'बी'चा मला आजही राग येतो.

पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. रिटायर झाल्यावर दोघांनी शहाद्यात प्लॉट घेतले, तेही एकाच गल्लीत. आता तरी सुटका होईल असं वाटलं होतं. पण आबांनी काचेची पट्टी काही जमा केली नाही. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, लोक पेन ठेवतात तिथे. जिजी म्हणजे त्यांची बायको लाडवाचा पाक करायला बसली की आबा मागून हात घालणार, दोन वेळा ढवळणार, काच धरणार, आणि पाकाचा दाणा पाडूनच उठणार. त्या घरातले गुलाबजामसुद्धा दाताखाली करकर वाजायचे. जिजी कपाळाला हात लावायची. त्यांची एकुलती मुलगी शोभा मात्र लहानपणापासून तेच खात वाढली. बाकीच्या जगात गुलाबजाम वाजत नाहीत हे तिला बरंच उशिरा कळलं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल बघा, की ज्याला एकच गोष्ट येते पण ती इतकी येते की बाकी सगळीकडे तो तिचा त्रास देतो.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. शोभा नर्स झाली. नवापूरकडे सरकारी दवाखान्यात लागली. तिथल्या डोंगराकडच्या एका ख्रिस्ती शेतकरी घरातल्या मास्तराशी तिने लग्न केलं. आबा ओरडले नाहीत, रडले नाहीत. "जाय," एवढं म्हणाले आणि नऊ वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिला मुलगी झाली, एस्तर, तरी नाही. मी एकदा तोंडावर सांगितलं, "आबा, तुम्ही चूक आहात. पोरीने चांगलं घर बघितलं, चांगला माणूस बघितला. आणखी काय पाहिजे होतं तुम्हाला?" त्यांनी दोन महिने माझ्याकडचा चहा बंद केला. मीही बोलवायला गेलो नाही. तिसऱ्या महिन्यात स्वतःच आले आणि चहात साखर कमी आहे म्हणाले.

जिजी रोज दुपारी शोभाला फोन करायची. आबांनी तिला बजावून ठेवलं होतं, "फोन कानले लावू नको, कान खराब व्हस. स्पीकरवर ठेव." आणि मग शेजारच्याच खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. नऊ वर्षं या माणसाने रोज मुलीचा आवाज ऐकला आणि रोज झोपेत असल्याचं सोंग केलं. घोरायचेसुद्धा. जिजी मला म्हणाली होती, "खरा घोरतस तैं इतला मोठा आवाज नही येस."

अशाच एका डिसेंबरातल्या दुपारी स्पीकरवरून कळलं की एस्तरला तिच्या पप्पांनी सुरतला नेलं होतं. तिथे तिने सफरचंदाचा डोनट खाल्ला आणि तेव्हापासून तिला दुसरं काही गोड लागत नाही. पुढे शोभा म्हणाली, पोरीला सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे बघायचे आहेत, रविवारी शहाद्यावरूनच जाऊ. मग म्हणाली, "तासभर घर येऊ का? आबास्ले चाली का?"

जिजीने खाटेकडे बघितलं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेले आबा म्हणाले, "कितला सफरचंद लागतीन?"

त्याच संध्याकाळी ते माझ्या दारात. "साहेब, तुमना घर ते भट्टीनं खोकं शे ना?" माझ्या बायकोने हौसेने घेतलेला ओव्हन होता. त्यात ती स्टीलचे डबे ठेवत असे. डबे बाहेर काढले आणि आबांनी तो ओव्हन उशी उचलावी तसा पोटाशी धरून नेला. वायर जमिनीवरून फरफटत होती. मी वायर उचलून मागे चालत गेलो. हातात चार दिवस होते.

पहिली अडचण सफरचंदांची. आमचा मुलूख केळी-पपईचा. सफरचंद इथे माणूस दवाखान्यात असल्याशिवाय कुणी विकत घेत नाही. आबांनी दोन किलो मागितली तेव्हा फळवाल्याने काळजीने विचारलं, "कोन ॲडमिट शे?" आबा मुळात कमी बोलणारे. त्यात मुलगी येणार हे सांगायची लाज. ते काही न बोलता पिशवी घेऊन निघाले. झालं. संध्याकाळपर्यंत जिजीला काहीतरी झालंय म्हणून गल्ली लोटली. सकाळपर्यंत कळसाडीहून आबांचे साडू आले. प्रत्येकाच्या हातात सफरचंदं. जिजी धडधाकट उभी राहून सगळ्यांना चहा करत होती आणि लोक तिला "आराम करा" म्हणत होते. मोजली नाहीत, पण एक पाटी भरली. आबा म्हणाले, "बरं व्हयनं. सामान घरबठे उनं."

माझ्या मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ लावून आम्ही दोघं म्हातारे ओट्यासमोर उभे राहिलो. सफरचंद किसायचं, मैद्यात दही, दालचिनी घालून मळायचं, गोल लाटून मधे भोक पाडायचं, भाजायचं. भोक कशाने पाडायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी माळ्यावरची पितळी फुंकणी काढून घासली. तिच्या तोंडाने भोक नेमकं पडलं. पहिला घाणा भाजून बाहेर आला. जिजीने एक उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "मेदूवडा आजारी पडना का?"

तिसऱ्या घाण्याला अंग बरं जमलं. खरं भांडण पुढे होतं. वरून सफरचंदाच्या रसाचा आणि साखरेचा पाक ओतायचा. व्हिडिओतल्या बाई सांगत होत्या, पाक आरशासारखा गुळगुळीत पाहिजे. आबांनी पाक चढवला, ढवळला, पट्टी काढली, डोळा मिटला. "उना," असं समाधानाने म्हणाले. डोनटवर ओतला तर दहा मिनिटांत वर पांढरी, खरबरीत साखर धरली.

मी म्हणालो, "आबा, इथे दाणा नको आहे."

"दाना नको?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू लेकरू नको म्हणालो.

"नकोच. थोडं लिंबू पिळा. आंबट पडलं की दाणा धरत नाही."

आता हे मी बोललो ते शास्त्र होतं. पण तीस वर्षं ज्या माणसाने रस आंबू नये म्हणून जिवाचं रान केलं, आंबला की साखर हातची गेली हेच ज्याला शिकवलं गेलं, त्याला मी पाकात लिंबू पिळायला सांगत होतो. "साखरले आंबट लावू? साखर मरी जास, साहेब."

"मरू द्या. पोरगी सुरतचा खाऊन आलीय. तिला तसाच पाहिजे."

त्यांनी ऐकलं नाही. शनिवारपर्यंत पाकाचे पाच घाणे झाले आणि पाचही वेळा दाणा पडला. पाचव्या वेळी तर त्यांनी खरोखर प्रयत्न केला होता. ढवळायचं नाही म्हणून हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पण पाक घट्ट व्हायला लागला आणि हात आपोआप सुटला. मग ते ओट्याला टेकून खाली बसले. "साहेब, नऊ वरीसमा पहिल्यांदा ती पोर मन्हा घर खाई. तिले नही आवडनं तर?" या माणसावर मी इतकी वर्षं चिडलेलो होतो आणि तो स्वयंपाकघराच्या फरशीवर मैद्याने माखून बसला होता. मी एक लिंबू कापलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तोंड फिरवून पिळलं.

पाक आरशासारखा झाला.

रविवारी सकाळी शोभा आली. जावई आला. आठ वर्षांची एस्तर आली, दोन वेण्या आणि घोड्यांची बडबड. आबा दारात उभे. जावयाला म्हणाले, "बठा." शोभाला काही म्हणाले नाहीत. दोघांनीही शब्द कुठून काढायचा तेच विसरल्यासारखं केलं. मी उगाच घोड्यांच्या जातींवर बोलत राहिलो. मला घोड्यातलं काही कळत नाही.

ताटात गुळगुळीत डोनट आले. एस्तरने खाल्ला. "सुरतसारखाच आहे," म्हणाली. शहाणी पोर, तिला आई-बापाने चांगलं वळण लावलंय. आबा मान हलवत होते, पण मी त्यांना ओळखत होतो. त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या पॅनचं कौतुक ऐकतानाचा होता.

शोभा पाणी प्यायला आत गेली. बराच वेळ आली नाही. मग आतून आवाज आला. करकर. थोड्या वेळाने पुन्हा करकर. आबा ताठ झाले.

शनिवारचा तो दाणा पडलेला घाणा त्यांनी टाकून द्यायला सांगितला होता आणि जिजीने तो जाळीखाली ठेवला होता. शोभा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात अर्धा डोनट होता, ओठांना साखर लागलेली आणि डोळे भरलेले. ती आबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दाना चांगला उना, आबा."

आबांचा ओठ हलला. नऊ वर्षांनी हा माणूस मुलीशी काय बोलला असेल, तुम्हीच अंदाज करा. म्हणाले, "साहेबले सांग. लिंबू तेस्नी पिळं."

साफ खोटं. लिंबू आबांनीच पिळलं होतं. पण मी तो आरोप मुकाट्याने घेतला, कारण शोभा हसत होती, रडत होती आणि एस्तरने तिच्या हातातला अर्धा तुकडा पळवून तोंडात घातला होता. ताटातला सुरतसारखा डोनट तिने पुन्हा बघितला नाही.

माफी कुणी मागितली नाही. आबांनी ती मागायला हवी होती असं मला आजही वाटतं. पण पुढे दोन नाताळ आबा नवापूरला गेले. दुसऱ्या वर्षी तर चर्चच्या स्वयंपाकात घुसून त्यांनी सगळ्या पाकाचा दाणा पाडला आणि तिथल्या बायांनी त्यांना हाताला धरून बाहेर बसवलं. हे ते स्वतः अभिमानाने सांगायचे.

गेल्या भादव्यात आबा दुपारी खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठले नाहीत. जिजी म्हणाली, घोरणं थांबलं म्हणून तिने मागे वळून बघितलं. दिवसकार्य झाल्यावर तिने ती काचेची पट्टी रुमालात गुंडाळून मला आणून दिली. "तुमना रिपोर्टले कामले ई," म्हणाली.

या डिसेंबरात शोभाचा फोन आला. "काका, पोरीला डोनट हवेत. आता ते तुम्हालाच येतात." मी जिजीच्या ओट्यावर सगळं सामान काढलं. फुंकणी घासली. थर्मामीटर लावला, लिंबू मोजून पिळलं. पाक असा झाला की त्यात तोंड दिसावं. आयुष्यात पहिल्यांदा माझं पॅन आबांच्या आधी उतरलं होतं.

शोभा पोरीला घेऊन आली. एस्तरने एक घास घेतला. चावला. थांबली. पुन्हा चावला, हळू, कान देऊन. मग डोनट ताटात ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, हा वाजत नाही."

मी तसाच उठलो. पातेलं घासलं, साखर घातली, रस घातला. थर्मामीटर डब्यात ठेवला. लिंबाकडे बघितलंही नाही. पाक उकळायला लागल्यावर काचेची पट्टी काढली, तिच्यावर थेंब फासला आणि खिडकीकडे धरला. मला काहीच दिसेना. दाणा नव्हता की डोळ्यांत पाणी होतं, देव जाणे.

एस्तरने माझ्या हातातून पट्टी घेतली. डावा डोळा मिटला. दोन क्षण श्वास रोखला.

"आजून नही," ती म्हणाली. मग आम्ही दोघं ओट्याला टेकून थांबलो.