पाच-पाच सळया

रविवार, सोळा नोव्हेंबर, दुपारी पाऊण वाजता. शारजाबाहेरच्या आमच्या लेबर कॅम्पचं स्वयंपाकघर. हजर: वरच्या मजल्याच्या मेसचे पाच जण, रत्नागिरीकडचे. खालच्या मेसचे पाच, जळगावकडचे. सांगलीकडचा एक फरशीवाला, कुठल्याच मेसमध्ये नसलेला. आणि कॅम्प बॉस म्हणून मी. बारा जणांत रक्त एकाचंच सांडलं, फरशीवाल्याचं.

मूळ भांडण शेगडीवरून. सुट्टीच्या दिवशी आधी कुणाचा तवा, यावरून महिन्यापूर्वी दोन डोकी फुटली. मग दोन्ही मजल्यांवर गाद्यांखाली साइटवरच्या सळया जमू लागल्या. गुरुवारी झडती घेतली. वर सात, खाली पाच. नियम असा, की सगळ्या जप्त करून ऑफिसला कळवायचं. पण कळवलं की दहाही जणांचे व्हिसा रद्द.

झडतीच्या आदल्या संध्याकाळी शारजातल्या रोल्ला भागातल्या माझ्या घरी मुलीने शाळेच्या डिबेटचं भाषण वाचून दाखवलं होतं. महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया इतकी वर्षं एकमेकांवर गुरगुरले, पण समोरासमोर लढले नाहीत. दोघांकडे अणुबॉम्ब. पहिला टाकणाराही वाचणार नाही, हे दोघांना ठाऊक. पुढे तर करार करून क्षेपणास्त्रं मोजून घेतली. मोजणं म्हटल्यावर मला पटलंच.

"बाबा, वेट, देअर्स अ सेकंड पेज."

"खलास, मुद्दा कळला," म्हणून मी उठलो.

तर गुरुवारी मी वरच्या दोन सळया उचलल्या आणि दोघांकडे पाच-पाच ठेवल्या. दोन्ही मेसच्या म्होरक्यांना समोरासमोर बसवून सांगितलं, "एकाने काढली तर दुसराही काढणार. लक्षात ठेवा." दोघांनी माना डोलावल्या. मी वहीत बरोबरची खूण केली. तीन दिवस खरंच कुणी कुणाला हात लावला नाही.

रविवारी फरशीवाला खालच्यांच्या पंगतीला बसला. वरचा म्होरक्या दारात आला. "काय मिस्त्री, कालपर्यंत आमचं सुकट गोड लागत होतं!"

"आज भरीत, उद्या सुकट. पोटाला कसला पक्ष, भाऊ?"

"आता तो आमचा," खालच्यांतलं कुणीतरी हसलं.

वरच्याची सळई फरशीवाल्याच्या तोंडावर बसली. डोळा धरून तो उठला, आंधळ्यासारखा दाराकडे धावला. खालच्यांना वाटलं, वरच्यांकडे चालला. "आमचं खाऊन तिकडे पळतो?" त्यांनी मागून पाठीत दोन घातल्या. तो ताटावर कोसळला. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. भाकरी लाल झाली. दहा सळया हवेत होत्या, दहा माणसं एकमेकांकडे बघत होती, आणि एकाही सळईने समोरच्याला शिवलं नाही.

संध्याकाळी शर्ट भिजत घालून मुलीचं दुसरं पान वाचलं. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान. दोघांनी आपापली घरं राखली आणि लढाई दुसऱ्यांच्या दारात नेली. तिथे लाखांनी माणसं मेली.

"आय टोल्ड यू," मुलगी म्हणाली. मग बादलीतल्या शर्टाच्या लाल बाह्या बघून तिने पान माझ्या हातातून काढून घेतलं.

सोमवारची कामं: सळया पोलिसांत जमा, झालं. दहा जणांचे पासपोर्ट नंबर दिले, झालं. हॉस्पिटल, झालं. फरशीवाल्याचा डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टर अजून सांगत नाहीत. दोन्हींवर पट्टी आहे. माझा आवाज ओळखून त्याने विचारलं, "साहेब, गुरुवारी तर तुम्ही झडती घेतलीत. मग सळया राहिल्या कशा?"

"आधी बरा हो," म्हणून मी बाहेर आलो. त्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे.