आधी कोन, मग प्लेटा

गुप्त्यांच्या घरात कश्मिरा सून म्हणून आली, तेव्हा सासरच्यांना वाटलं, सीकेपी मुलगी आहे, म्हणजे हाताला चव घेऊनच आली असणार. ती आली होती सी.ए.ची डिग्री घेऊन. तिनं केलेलं वालाचं बिरडं सासऱ्यांनी मान खाली घालून, एक अक्षर न बोलता संपवलं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा जो घेतला, तो सूनबाई बहारीनच्या विमानात बसेपर्यंत सोडला नाही. कश्मिराकडे एकच काम राहिलं, पापड भाजायचं. ते तिला नवं नव्हतं. माहेरी थोरल्या बहिणी एकीपेक्षा एक सुगरण, त्यामुळे पानं मांडायच्या वेळी हिला हाक यायची ती तेवढ्याचसाठी. "कशू, पापड!"

बहारीनला हिद्दच्या बंदराजवळ एका कंपनीचे हिशेब ती सांभाळते, राहते नईमला. घरी नवऱ्याला, जयेशला पोळीभाजी जमते, मुलगी तेजस्वी कशालाच नावं ठेवत नाही, त्यामुळे संसार सुखाचा. दुखणं होतं ते मराठी मंडळींच्या ग्रुपमध्ये. सणावाराला सगळ्यांनी एकेक पदार्थ करून आणायचा, असा तिथला रिवाज. पहिल्या दिवाळीला कश्मिरानं शंकरपाळे नेले. ते इतके कडक झाले होते की, पोरांनी त्यांच्या गोट्या केल्या. पुढच्या वेळी ग्रुपची कारभारीण विशाखा फोनवर लाडानं म्हणाली, "अगं, तू नोकरी करतेस, तुला कुठला वेळ? तू आपली प्लेटा आण."

विशाखा स्वतः बँकेत नोकरी करते आणि वर पन्नास माणसांची बासुंदी आटवते. तेव्हा कश्मिराला जे समजायचं ते समजलं. गणपती असो, संक्रांत असो, कश्मिरा म्हणजे प्लेटा, ग्लास आणि टिश्यू. ती हसत हसत आणायची. पण गाडीतून परतताना इतरांच्या मांडीवर रिकामे डबे असायचे आणि हिच्या मांडीवर उरलेल्या प्लेटा. उरलेल्या प्लेटांचं कोणी कौतुक करत नाही. हे तिला लागायचं, चांगलंच लागायचं.

यंदा दिवाळीआधी तिनं विशाखाला फोन केला. "या वेळी स्टार्टर माझ्याकडे."

पलीकडून विशाखा म्हणाली, "विकतचं ना?"

"करून आणणार," कश्मिरा म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला घाम फुटला.

काय करणार? जे येतं तेच करणार. उडदाचा पापड अर्धा करायचा, तव्यावर फडक्याच्या बोळ्यानं दाबून भाजायचा आणि गरम आहे तोवर बोटांवर वळून त्याचा कोन करायचा. पापड डोळ्याची पापणी लवते न लवते तोच कडक होतो. उशीर केला तर तुकडे, घाई केली तर बोटांना चटका. आत बारीक चिरलेला कांदा, काकडी, बिया काढलेला टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, वर शेव आणि सणाचं म्हणून डाळिंबाचे दाणे. इतकं सोपं की, सांगायलाही लाज वाटावी. तेजस्वी तर म्हणालीच, "आई, इट्स जस्ट पापड!"

"तू गप्प बस आणि डाळिंब सोल," कश्मिरा म्हणाली.

पहिला प्रयोग ऑफिसवर झाला. घरी भरलेले कोन तिनं डब्यातून हिद्दला नेले आणि शेजारच्या टेबलावरच्या, लखनौच्या नुसरतपुढे झाकण उघडलं. आत सगळे कोन मान टाकून पडलेले. कांद्याकाकडीला पाणी सुटलं होतं, त्यात समुद्राची दमट हवा. नुसरतनं एक उचलला, तो तिच्या हातात लोंबला.

"बहन, ये तो रो रहे हैं," ती म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर नुसरतनंच वाट दाखवली. "वहीं जाकर बनाओ ना! सामने भूनो, सामने भरो. यल्ला, चलो, इसमें क्या है?"

म्हणजे सगळ्या सुगरणींच्या डोळ्यांदेखत. पण आता माघार घेतली तर जन्मभर प्लेटा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पार्टी शुक्रवारी दुपारी, तुबलीला विशाखाच्या इमारतीच्या गच्चीवर. जयेशनं छोटी शेगडी, तवा, पापड आणि सारणाचे डबे वर चढवले. डिकी बंद करताना कोपऱ्यात प्लेटांचा मोठा गठ्ठा दिसला. सवयीनं दोन आठवड्यांपूर्वीच घेऊन ठेवलेला. कश्मिरा त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. 'यंदा दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल,' ती मनाशी म्हणाली आणि डिकी लावून टाकली.

वर टेबलं भरगच्च. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, विशाखाची बासुंदी आणि रखमाकाकूंचे घावणे. रखमाकाकू मालवणच्या. त्यांचे यजमान रावजी इथे ड्रायव्हर. ग्रुपमध्ये काकूंच्या जिभेचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. त्यांनी नाक मुरडलं की, तो पदार्थ पुढच्या वर्षी दिसत नसे.

"चला, घ्या वाढून!" विशाखा ओरडली आणि इकडेतिकडे बघायला लागली. "कश्मिरा, प्लेटा कुठेत गं?"

"मी स्टार्टर आणलंय," कश्मिरा तव्यावर पापड टाकत म्हणाली. ते खोटं नव्हतं.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. प्लेटा आणायला कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्या आपोआप येतात असाच सगळ्यांचा समज झाला होता. विशाखानं नवऱ्याला, सुयोगला खाली पिटाळलं. तो हात हलवत परत आला. "नमाजाची वेळ आहे. खालचं किराण्याचं कोल्ड स्टोअर बंद, सगळं मफी, काही मिळत नाही." विशाखाच्या घरात स्टीलची ताटं होती ती घरच्यापुरती. एवढं अन्न समोर घमघमतंय आणि खायचं कशात?

कश्मिरानं पापड वळला, सारण भरलं, वर शेव आणि दाणे टाकून कोन पुढे धरला. याला प्लेट लागत नाही. पहिला सुयोगनं घेतला, मग पोरं आली, मग पोरांच्या आया. कुरकुर असा आवाज गच्चीभर उठला. एकजण म्हणाला, मी वळतो, आणि चटका बसून नाचला. कश्मिराच्या बोटांना मात्र सवय होती. एक संपतो तोवर दुसरा तयार. चाळीस माणसं तिच्या शेगडीभोवती. तिला इतकं छान वाटत होतं की, डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते कांद्यावर ढकललं.

मग रखमाकाकू आल्या. कोन फिरवून फिरवून पाहिला, कडेला बारीक चावा घेतला.

"पापड कोणी भाजलो गो?"

"मी, काकू."

"खंय करपाक नाय, खंय कच्चो रव्हाक नाय." काकूंनी हात पुढे केला. "माका आणखी एक दी."

शेवटचा पापड संपेपर्यंत कश्मिरानं मान वर केली नाही. मग शेगडी बंद केली, हात पुसले, पर्समधून किल्ली काढली आणि तेजस्वीला दिली. "तेजू, डिकीत प्लेटांचा गठ्ठा आहे. घेऊन ये."

विशाखा बघतच राहिली. "म्हणजे मघापासून होत्या?"

"होत्या की."

"आणि आम्हाला उपाशी ठेवलंस? बोलली का नाहीस?"

"तुझी बासुंदी समोर असताना माझा पापड कोणी खाल्ला असता गं?" कश्मिरा म्हणाली. "मला एकदा आधी वाढायचं होतं."

विशाखानं तिला घट्ट मिठी मारली. रखमाकाकू तर एवढ्या हसल्या की, रावजींना त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं.

प्लेटा वर आल्या आणि कश्मिरानंच त्या सगळ्यांच्या हातात दिल्या. संक्रांतीच्या पार्टीचं ठरताना विशाखानं ग्रुपवर सगळ्यात आधी लिहिलं, 'कश्मिराचे कोन.' खाली सुयोगनं विचारलं, 'मग प्लेटा कोण आणणार?'

कश्मिरानं उत्तर दिलं, 'मीच. पण कोन संपल्यावर मिळतील.'