ओट्याच्या दगडाची पाटी

माझं माहेर मिरजेचं. तिथं दारावर नावाची पाटी नसली तर लोक घर भाड्याचं समजतात. लग्न होऊन म्हसवडजवळच्या ह्या गावात आले, तर आमच्या नव्या घराची भिंत कोरी. म्हटलं, पाटी आपणच करू. मोबाइलवर तसले व्हिडिओ बघून हात शिवशिवत होतेच.

स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला काळा ग्रॅनाइट मोरीपाशी पडून होता. तो घासून घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि सोनेरी रंगानं नवऱ्याचं नाव लिहिलं. हे फौजेत, तेव्हा नावाआधी हुद्दा आलाच. दोन्ही बाजूंना एकेक फूल काढलं. अक्षर इतकं झकास उतरलं की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. वाळल्यावर पाटी दाराशेजारी लावली आणि सासूबाईंना हाक मारली. त्यांना मी आत्या म्हणते.

आत्या धार काढून येत होत्या. पाटी वाचता वाचता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चरवी ठेवून त्या पायरीवरच बसल्या.

"आदी उतरव ते."

"आवं, पण का आत्या?"

"चावडीफुडं काय हाय, बगितलं न्हाईस व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चावडीपुढं काळा दगड उभा आहे. गावचे जे जवान परत आले नाहीत, त्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत आहेत. आधी हुद्दा, मग नाव. दळण घेऊन मी रोज त्याच्यासमोरून जाते. आणि तस्संच, जित्या माणसाचं नाव लिहून मी दाराला लावलं होतं.

असलं काही मी मानत नाही, असं मी चारचौघींत मिरवत आले. पण हे तेव्हा वर बर्फात होते आणि त्या आठवड्यात फोन लागत नव्हता. पाटी उतरवली खरी, पण खाली ठेवायला धीर होईना. हातातून पडून फुटली तर? थिनरनं पुसावी, तर ह्यांचं नाव मी माझ्या हातानं पुसायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी ती पोटाशी धरून उभी राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. आत्या म्हणाल्या, "तू उचल." मी म्हटलं, "तुमी उचला." आमच्यासमोर तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला, तेव्हा मी डोळे मिटून कानाला लावला.

हेच होते, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून.

"का गं, बोलंनास का? कोण गेलं का काय घरात?"

आत्यांनी फोन हिसकावला, पोराला लय शिव्या घातल्या आणि मग पदर तोंडात कोंबून रडल्या. पाटीचं दोघींनीही सांगितलं नाही.

मग आत्यांनीच निकाल दिला, "सुट्टीला आला की त्येचं त्यो पुशील." पाटी माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळून बाजरीच्या कोठीत ठेवली आहे. ह्यांची सुट्टी अजून मंजूर झालेली नाही. भाकरीसाठी बाजरी काढताना मी कडेकडेनंच काढते.