भाजीचं पहिलं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीताई म्हणायचे. एकोणीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजणं, हेच तिचं काम. त्या वर्षी एका पालेभाजीची तपासणी आली. लोक ती खातात आणि औषध म्हणूनही घेतात. तिच्यामुळे गुणसूत्रं तुटतात का, एवढंच बघायचं होतं. पाल्याच्या अर्कात कांदे ठेवायचे, मुळं फुटली की त्यांची टोकं कापून काचेवर पसरायची आणि मोजत बसायचं.

पिशवी उघडताच वासावरूनच तिने पाला ओळखला. हीच भाजी खाऊन ती लहानाची मोठी झाली होती. आई तर गुडघेदुखीवर अजूनही रोज त्याचं पाणी पीत होती.

काचांवर नुसते आकडे. साध्या पाण्यातली कुठली, अर्कातली कुठली, हे तिला कळू द्यायचे नाहीत. तरी सतराव्या काचेवर तिचा हात थांबला. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा एक तुटका तुकडा मागेच राहिला होता. पुढे तसाच आणखी एक. की आपल्यालाच दिसायला लागलेत? तिने चष्मा पुसून पुन्हा मोजलं. आधी अकरा आले होते, आता चौदा. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कुठल्या आकड्याची काच कशातली हे उलगडलं तेव्हा कळलं, सौम्य अर्कात काही नाही. कडक अर्कात गुणसूत्रं तुटलीत.

"म्हणजे खायची की नाही?" तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं.

"कांद्याला झालं म्हणजे माणसाला होईलच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि होणारच नाही, असंही नाही."

घरी आल्या आल्या ती आईला म्हणाली, "ते पाणी बंद कर. कांद्याची मुळं बिघडली त्यात."

"मी काय कांदा आहे?" आई हसली. "आणि पहिलं पाणी टाकलंत का तुम्ही? भाजी करताना पाला उकळून ते फेकायचं असतं."

"मग तू पितेस ते कुठलं?"

आई जरा घुटमळली. "तेच. फेकायचं कशाला, म्हणून प्यायला लागले. बरं वाटतं गं."

मोजणीताईने ते पाणी आणि उकडलेला पाला डब्यात भरून मॅडमकडे नेला. पुन्हा कांदे, पुन्हा काचा. या वेळी तिने मोजायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा म्हणून सांगितलं; स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा उरला नव्हता. उकडलेला पाला स्वच्छ निघाला. पाण्यात तुकडे सापडले, पण इतके थोडे, की मॅडमही कागदाकडे बघत राहिल्या.

"उंदरांवर बघावं लागेल. वर्ष तरी जाईल."

"तोवर?"

मॅडमनी उंदरांच्या मागणीचा अर्ज पुढे ओढला.

"भाजी खा, पाणी नको," तिने आईला सांगितलं.

"मग गुडघा?"

आईने त्या पाण्याचा रोजचा पेला अर्धा केला. निदान तसं ती सांगते.