आईची मशेरी
आईच्या गालाला आतून जखम झाली, तेव्हा घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत विळा लागला तर हळद दाबायची आणि तोंड आलं तर चार दिवस तिखट सोडायचं. तोंडातलं आपोआप भरतं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

आई मशेरी लावायची. वाडीतल्या सगळ्याच बायका तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, चुरायच्या आणि सकाळी हिरड्यांवर बोट फिरवत बसायच्या. मशेरीनं ठणका बधिर व्हायचा, म्हणून आई ती थेट जखमेवरच दाबू लागली. तिनं अंथरूण धरल्यावर बायका भेटायला आल्या, त्याही ताज्या मशेरीच्या पुड्या घेऊनच. "लाव गो, बरा वाटंल," म्हणायच्या. त्या मायेचा मला आजही संताप येतो.

शेवटी महाडला नेलं. डॉक्टरांनी गालात बॅटरी मारली. मी अकरावी सायन्सला आहे म्हटल्यावर ते बाबांना सोडून माझ्याशीच बोलले. "शरीर आपलाच झिजलेला भाग खातं आणि त्यातूनच नवा घडवतं. तोंडात हे काम झपाट्यानं चालतं, म्हणून तिथलं लवकर भरतं. हे इतक्या दिवसांत भरलं नाही, म्हणजे तिथला कारभारच बिघडलाय. मशेरी बंद करा आणि मुंबईला न्या." मुंबईच्या दवाखान्यानं उशीर झाला म्हणून परत पाठवलं.

मग पेजही गिळवेना. पोटात काही जाईना, तसं तिचं शरीर तिलाच खाऊ लागलं. आधी दंड गेले, मग मांड्या. जखम मात्र वाढतच होती. मशेरीचा डबा मी चुलीत घातला होता. एका दुपारी आईनं हिरड्यांवरून बोट फिरवून खूण केली. बोलणं केव्हाच बंद झालं होतं.

"नाय म्हणजे नाय," मी म्हटलं. "आधी बरी हो."

बाबा उठले. तवा चुलीवर ठेवून त्यांनी चंचीतली तंबाखू त्यावर टाकली. घरभर खकाणा उठला.

"बाबा, डॉक्टर काय बोलले?" मी ओरडले.

"जखम भरायची असती तर मीच नाय दिली असती गो. आता नाय ती भरायची."

आमच्यादेखत ज्यांनी कधी आईच्या हाताला हात लावला नव्हता, त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि हलक्या बोटानं तिच्या हिरड्यांना मशेरी लावली. आईनं डोळे मिटून घेतले. ती बरी होणार, असं घरात तोवर फक्त मीच धरून बसले होते.